अनुपस्थिताची जागा : बहुखेळाडू संगणकीय खेळांतील यंत्रचालित सहचर

१. विषयाची मांडणी

नायकाचा साहाय्यक ही कथनात्म वाङ्मयातील एक जुनी जागा आहे. धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाच्या साहाय्यकांचा विचार करताना पीठमर्द, विट आणि विदूषक असे भेद सांगितले. त्यांतील पीठमर्द हा नायकाचा अनुचर, त्याच्याविषयी भक्ती बाळगणारा आणि गुणांनी त्याच्याहून किंचित उणा असावा, असे त्याचे लक्षण आहे. रामकथेतील सुग्रीव हे त्याचे परंपरेने दिले जाणारे उदाहरण. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये अद्भुतकथांचे रूपविश्लेषण करताना पात्रांची सात कार्यक्षेत्रे निश्चित केली. त्यांपैकी एक साहाय्यकाचे आहे. या दोन्ही विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. साहाय्यक हा रचनाकाराने निर्मिलेला असतो आणि त्याची जागाही रचनाकारानेच त्याच्यासाठी राखलेली असते.

गेल्या वीस वर्षांत संगणकीय खेळांच्या क्षेत्रात निराळ्या तऱ्हेचा एक साहाय्यक पुढे आला आहे. तो ज्या जागी बसतो ती जागा मुळात त्याची नव्हती. ती एका जिवंत माणसासाठी राखलेली होती. तो माणूस आला नाही, किंवा आलेला माणूस नायकाला नको होता, म्हणून तेथे एक लिहिलेले पात्र बसवण्यात आले. आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत, समूहासाठी रचलेल्या प्रसंगांमध्ये, संगणकाने चालवलेले सहचर घेऊन एकट्यानेच उतरण्याची ही सोय आहे. प्रस्तुत लेखात या सोयीचे स्वरूप, तिच्या प्रमुख रचना आणि तिच्यामुळे खेळणाऱ्याच्या भूमिकेत पडणारा फरक यांचा विचार करावयाचा आहे.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकक्षेत कसा येतो, अशी शंका येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. एक तर, हे खेळ म्हणजे शेकडो तासांची, लिखित संवादांनी भरलेली कथने आहेत. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ याने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, वाचकाला केवळ पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावयास लावणाऱ्या संहितांचा एक स्वतंत्र वर्ग मानला. हे खेळ त्या वर्गात सहज बसतात. दुसरे म्हणजे, यातून निघणारा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. अनेकांनी मिळून उभा करावयाचा प्रयोग एकट्याने वाचावयाची संहिता होतो, तेव्हा काय घडते, हा तो प्रश्न आहे. पोवाडा, कीर्तन, लळीत यांच्या छापील संहिता अभ्यासताना आपल्याला तो सतत भेटतो.

२. समूहप्रसंगाचे स्वरूप

या खेळांचा आरंभ शब्दांतूनच झाला. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचलेल्या ‘मड’ या खेळात चित्रे नव्हती. स्थळाचे वर्णन पडद्यावर अक्षरांत उमटे आणि खेळणारे आपल्या कृती अक्षरांतच लिहीत. एकाच काल्पनिक स्थळी एकाच वेळी अनेक माणसे असणे, ही त्यातील क्रांतिकारक गोष्ट होती. पुढे चित्रे आली, जग विस्तारले. २००२ मध्ये जपानमध्ये ‘फायनल फँटसी ११’ आणि २००४ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे खेळ सुरू झाले.

अशा खेळात खेळाडू एक पात्र धारण करून एका विस्तीर्ण जगात वावरतो. या जगातील काही प्रसंग एकट्याने पार पाडावयाचे असतात. काही मात्र ठरावीक संख्येच्या गटासाठीच रचलेले असतात. त्यांना येथे ‘समूहप्रसंग’ म्हटले आहे. खेळाडू त्यांतील सर्वसामान्य प्रकाराला ‘डंजन’ म्हणतात, म्हणजे एखादे भुयार, किल्ला किंवा मंदिर, ज्यात शत्रूंचे अडथळे ओलांडत शेवटच्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापर्यंत जावयाचे असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असा गट पाच जणांचा असतो, ‘फायनल फँटसी १४’मध्ये चार जणांचा.

या गटात कामाची काटेकोर वाटणी असते. शत्रूचा रोख स्वतःवर ओढून घेऊन मार सोसणारा तो ‘टँक’. त्याला आपण रक्षक म्हणू. जखमींना बळ देणारा तो ‘हीलर’ म्हणजे उपचारक. उरलेले आक्रमक, शत्रूचे बळ घटवणारे. रक्षकाविना उपचारक टिकत नाही, उपचारकाविना रक्षक पडतो आणि आक्रमकांविना दोघांचे श्रम निष्फळ ठरतात. हे परस्परावलंबन अपघाताने आलेले नाही, ते रचनेचे मर्म आहे. माणसांनी एकमेकांकडे जावे, विचारावे, ओळखी कराव्यात, यासाठी रचनाकाराने प्रत्येकाला मुद्दामच अपुरे ठेवलेले असते.

या अपुरेपणाची किंमत मात्र वेळात मोजावी लागते. ‘फायनल फँटसी ११’च्या आरंभीच्या वर्षांत पात्राची प्रगती साधण्यासाठी बहुधा सहा जणांचा गट जमवावा लागे, आणि तो जमेपर्यंत खेळाडू एखाद्या नगरात तासन्‌तास वाट पाहत उभे राहत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने डिसेंबर २००९ मध्ये यावर एक उपाय आणला. खेळाडूने आपली भूमिका नोंदवून रांगेत उभे राहावे आणि यंत्रणेने अनोळखी पाच जणांना आपोआप एकत्र आणावे, अशी ती योजना होती. प्रतीक्षा घटली, पण परिचय होण्याआधीच गट जमू लागला आणि काम संपताच विखुरू लागला. समूह उरला, सहवास क्षीण झाला. यंत्रचालित सहचराचा विचार करताना ही मधली पायरी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. यंत्राने माणसाची जागा घेतली त्याआधीच त्या जागेवरील माणूस बराचसा अनामिक झालेला होता.

किंबहुना या खेळांतील समूह कधीच पूर्णार्थाने समूह नव्हता, असेही दिसते. निकोलस ड्युशनो, निक यी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’विषयी जो अभ्यास मांडला, त्याच्या शीर्षकाचाच आशय ‘एकत्र असूनही एकटे’ असा होता. अनेक खेळाडू बराच काळ एकट्यानेच खेळतात. इतरांची त्यांना गरज भासते ती प्रेक्षक म्हणून, सभोवतालची वर्दळ म्हणून, असे त्या अभ्यासकांचे निरीक्षण होते.

३. सहचराच्या काही रचना

अमेरिकेतील ‘अरेनानेट’ या संस्थेचा ‘गिल्ड वॉर्स’ हा खेळ एप्रिल २००५ मध्ये आला, तेव्हापासूनच त्यात भाडोत्री सहचर होते. नगराच्या वेशीवर ते उभे असत : उपचार करणारी अलेशिया, तलवार चालवणारा स्टेफन, अग्निमंत्र जाणणारा ओरायन. गटात माणसे कमी पडली की रिकाम्या जागी त्यांना घ्यावयाचे. त्यांचे शस्त्र, कौशल्य, वर्तन सारे ठरलेले असे. खेळाडूला त्यांत बदल करता येत नसे. या सहचरांची एक गोष्ट लक्षणीय होती. मोहिमेत मिळणाऱ्या लुटीत त्यांचाही वाटा पडे. ज्याला खर्च नाही, संसार नाही, त्याने वाटा घ्यावा यात विनोद आहे खरा. पण त्यामागे न्यायाची एक कल्पनाही आहे. माणसाच्या जागी बसलेल्याने माणसाइतकी जागा व्यापली पाहिजे, एरवी एकट्याने खेळणे हाच सर्वांत फायद्याचा व्यवहार ठरेल.

ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या ‘नाइटफॉल’ या भागात या खेळाने ‘हीरो’ नावाचे दुसऱ्या प्रकारचे सहचर आणले. यांची कौशल्ये, शस्त्रे, वेष खेळाडूने ठरवावयाचे. लढावे, राखावे की टाळावे हा पवित्राही त्यानेच द्यावयाचा. नकाशावर निशाण रोवून त्यांना जागेवर उभे करावयाचे. शिवाय कोस, डंकोरो, मेलोनी, टाल्कोरा अशा या पात्रांना कथेत स्थान होते. काही मोहिमांना विशिष्ट सहचर सोबत असल्याविना प्रारंभच करता येत नसे. आरंभी एका खेळाडूला असे तीनच सहचर नेता येत. २०११ मध्ये ही मर्यादा सातवर नेण्यात आली, म्हणजे आठ जणांचा संपूर्ण गट एकट्या माणसाच्या हाती आला.

‘फायनल फँटसी ११’ने डिसेंबर २०१३ मध्ये ‘ट्रस्ट’ नावाची मंत्रविद्या आणली. तिच्या योगे कथेतील परिचित पात्रांची प्रतिरूपे खेळाडूच्या साहाय्यास येतात. पुढे पाच प्रतिरूपे व एक माणूस मिळून सहाचा गट पूर्ण होऊ लागला. ज्या खेळात सहा माणसे जमवणे हीच मुख्य अडचण होती, त्याच खेळाने आपल्या बाराव्या वर्षी हा मार्ग स्वीकारला, ही बाब बोलकी आहे. त्याच परंपरेतील ‘फायनल फँटसी १४’ने जुलै २०१९ मधील ‘शॅडोब्रिंगर्स’ या भागात हेच नाव देऊन निराळी रचना केली. तेथे प्रतिरूपे नाहीत, कथेतील पात्रेच प्रत्यक्ष सोबत येतात. एप्रिल २०२२ पासून ही सोय आधीच्या भागांतील कथाप्रसंगांनाही टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने जानेवारी २०२४ मध्ये पाच जणांच्या भुयारांसाठी अनुचर उपलब्ध करून दिले, मात्र ही सोय सामान्य काठिण्यपातळीपुरतीच ठेवली.

या सर्व सहचरांच्या वर्तनामागे प्रायः अटी आणि कृती यांची मालिका असते. साथीदाराचे बळ अमुक पातळीखाली गेले तर उपचार करावा. शत्रू मोठा मंत्र उच्चारू लागला तर तो खंडित करावा. जमिनीवर धोक्याची खूण उमटली तर बाजूला सरावे. कोणती अट आधी तपासावयाची याचा क्रम रचनाकार ठरवतो. त्यामुळे सहचराचे गुणदोष माणसाच्या गुणदोषांहून वेगळे पडतात. ‘गिल्ड वॉर्स’मधील सहचर शत्रूचा मंत्र माणसाला न साधणाऱ्या चपळाईने तोडत, पण उभे कोठे राहावे हे त्यांना कळत नसे, आणि म्हणूनच खेळाडूला निशाणे रोवावी लागत. विशिष्ट प्रसंगासाठी खास लिहिलेला सहचर याउलट असतो. ‘फायनल फँटसी १४’मधील पात्रांना पुढे काय येणार हे ठाऊक असते, नवखा खेळाडू त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून प्रसंग शिकू शकतो.

मात्र ही पात्रे शत्रूचे बळ सावकाश घटवतात. चार अनुभवी माणसांचा गट तोच प्रसंग लवकर आटोपतो. म्हणजे सहचराने प्रसंग पार पाडून द्यावा, पण माणसाहून सरस ठरू नये, असा तोल येथे राखलेला आहे. धनंजयाने पीठमर्दाला नायकाहून किंचित उणे ठेवले ते नायकाचे नायकपण झाकोळू नये म्हणून. येथे तोच ‘किंचित उणेपणा’ आणखी एका हेतूने येतो. अनुपस्थित माणसाला परत येण्याचे प्रयोजन उरावे, हा तो हेतू होय.

४. कार्य आणि पात्र

प्रॉपच्या विश्लेषणाचा गाभा असा, की कथेत कोण करतो यापेक्षा काय केले जाते हे अधिक स्थिर असते. साहाय्य हे कार्य स्थिर. ते लांडग्याने केले की म्हातारीने, हे बदलते. समूहप्रसंगाची रचना याच तत्त्वावर उभी आहे. रक्षक, उपचारक, आक्रमक ही कार्ये आहेत आणि ती कोणीही पार पाडावीत. अनोळखी माणसांच्या गटात तर समोरच्याचे नावही वाचले जात नाही. ‘उपचारक’ एवढीच त्याची ओळख पुरते. या अर्थी पाहता, यंत्रचालित सहचर येण्यापूर्वीच माणसाचे रूपांतर कार्यात झालेले होते, असे म्हणता येईल.

सहचराच्या रचनेत मात्र दोन दिशा दिसतात. ‘गिल्ड वॉर्स’चे भाडोत्री किंवा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे अनुचर हे मुख्यतः कार्य आहेत. या अनुचरांतील कॅप्टन गॅरिक ही रक्षक नवख्या खेळाडूला २०२० पासून आरंभीच्या बेटावर भेटत आली आहे, त्यामुळे तिला थोडी ओळख आहे. पण भुयारातील घडामोडींशी तिच्या जीवनकथेचा संबंध नाही. उलट ‘फायनल फँटसी १४’मधील सहचर हे आधी पात्र आहेत. थँक्रेड रक्षक होतो, उरियांजे उपचारक होतो, यामागे त्या भागाच्या कथेने दिलेली कारणे आहेत. एकाच भुयारात कोणाला सोबत नेले यानुसार वाटेतले संवाद बदलतात. तेच स्थळ एकाच्या नजरेतून शोकस्थान ठरते, दुसऱ्याच्या नजरेतून कुतूहलाचा विषय.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. माणूस जेथे कार्यापुरता उरला होता, तेथे यंत्रचालित सहचर पात्र म्हणून परत येतो. जुन्या रचनेत कथा सांगे की नायक आपल्या जिवलग सोबत्यांसह किल्ल्यावर चालून गेला. प्रत्यक्षात मात्र किल्ल्याच्या दाराशी ते सोबती मागे थांबत आणि नायकाबरोबर तीन परके आत शिरत. कथन एक सांगे आणि खेळ दुसरेच दाखवी. सहचराने ही विसंगती मिटवली. ज्यांच्याविषयी शंभर तास वाचले, तेच आता शेजारी उभे राहून लढतात. साहित्याच्या दृष्टीने हा या सोयीचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि वेळ वाचण्याच्या लाभाहून तो स्वतंत्र आहे.

५. वाचनाचा काळ आणि समूहाचा काळ

कथनमीमांसेत कथेतील घटनांचा काळ आणि कथनाला लागणारा काळ असा भेद आपण करतो. समूहप्रसंगात तिसरा एक काळ येऊन मिळतो, तो सोबत्यांचा. हे तीन काळ एकमेकांवर कसे आदळतात याचे उत्तम उदाहरण ‘फायनल फँटसी १४’मध्येच आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा त्याच्या मूळ कथेची अखेर ‘कॅस्ट्रम मेरिडियानम’ आणि ‘प्रीटोरियम’ या दोन आठ जणांच्या मोहिमांत होती. त्यांत लढतींच्या अधेमधे दीर्घ कथादृश्ये पेरलेली होती. नवख्या खेळाडूसाठी ती त्याच्या प्रदीर्घ वाचनाची परिणती. तो ती पाहत थांबे. मोहीम पुन्हा खेळल्यास बक्षीस मिळत असल्याने येणाऱ्या अनुभवी खेळाडूला मात्र ती पाठ झालेली. तो दृश्य ओलांडून पुढे धावे. परिणाम असा होई, की नवखा दृश्य संपवून डोळे वर करी तेव्हा ज्या लढतीसाठी तो इतके महिने आला होता, ती आटोपलेली असे. दृश्य सोडावे तर कथेची अखेर हुकते, पाहावे तर लढत हुकते. पुढे रचनाकारांनी दृश्ये ओलांडण्याची मुभाच काढून घेतली. आता अनुभवी खेळाडू ताटकळू लागले. एकाच्या वाचनासाठी इतरांना कोंडून ठेवावे लागले. अखेरीस एप्रिल २०२२ मध्ये या मोहिमा चार जणांच्या करून नव्याने रचण्यात आल्या आणि त्या यंत्रचालित सहचरांसह एकट्याने पार पाडण्याची सोय झाली.

या नऊ वर्षांच्या प्रवासात दोष कोणाचाच नव्हता. नवख्याला वाचावयाचे होते आणि अनुभवी खेळाडूला काम उरकावयाचे होते. दोघेही आपापल्या जागी रास्त होते. संहिता मात्र एकच होती आणि ती एकाच वेळी दोघांच्या गतीने चालू शकत नव्हती. सहचराने जे दिले ते हेच : थांबण्याचा अधिकार. भिंतीवरचा लेख वाचत उभे राहिले तरी तो खोळंबत नाही. चूक झाली तर अपशब्द काढत नाही. मध्येच मूल रडू लागले म्हणून उठावे लागले तरी तो जागचा हलत नाही. नोकरी, संसार किंवा शारीरिक अडचण यांमुळे ज्यांना ठरल्या वेळी सलग तासभर देता येत नाही, त्यांच्यासाठी समूहप्रसंगाचे दार यामुळेच उघडले. या सोयीला निव्वळ एकलकोंडेपणा म्हणून हिणवणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

याला संहितेच्या जतनाचीही एक बाजू आहे. आठ जणांसाठी लिहिलेला प्रसंग आठ माणसे मिळेनाशी झाली की वाचला जाणे थांबते; पुस्तक कपाटात असते, पण उघडत नाही. ‘गिल्ड वॉर्स’मधील गर्दी पुढे ओसरली, २०१२ मध्ये त्याचा दुसरा खेळही आला, तरीही पहिल्या खेळाची कथा आरंभापासून अखेरपर्यंत अनुभवता येत राहिली, ती त्या सात सहचरांमुळे. येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. हे सहचर वाचकाच्या घरी नसतात, ते चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर असतात. तेथील यंत्रणा बंद झाली तर सहचरही जातात आणि संहिताही.

६. नकाराचा अभाव

आता दुसरी बाजू. छापील पोवाड्यात झीलकऱ्यांची ‘जी जी’ अक्षरांत उमटलेली असते. एकटा वाचक ती मनातल्या मनात म्हणतो आणि त्याचे वाचन पूर्ण होते. पण प्रत्यक्ष प्रयोगात झीलकरी कधी आवाज चढवून शाहिराला उचलून धरतात, कधी त्याची लय चुकली तर सावरतात, कधी त्यांचाच दम कमी पडतो. छापील झील यांतले काहीच करत नाही. ती कधी चुकत नाही, याचे कारण ती कधी ऐकतच नाही. यंत्रचालित सहचर हा अशी छापील झील आहे.

जिवंत सहखेळाडूजवळ एक सामर्थ्य असते, आणि ते म्हणजे नकाराचे. तो येत नाही, उशिरा येतो, मध्येच उठून जातो, हे वाईट खरे. परंतु जो जाऊ शकतो त्याच्याच थांबण्याला अर्थ असतो. रात्री उशीर झालेला असताना एखादा अनोळखी रक्षक नवख्यासाठी चौथ्यांदा तोच प्रयत्न करावयास राजी होतो, तेव्हा त्याने काही तरी दिलेले असते. सहचर चाळिसाव्यांदाही राजी असतो; त्याने काहीच दिलेले नसते. येथे कृतज्ञतेला जागा नाही, आणि म्हणून मैत्रीलाही नाही.

रचनाकारांना ही उणीव जाणवलेली दिसते. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ या खेळात सहचर नायकाच्या निर्णयांवर पसंती-नापसंती व्यक्त करतात, दयाळू सहचर क्रौर्याने दुखावतो, लोभी सहचर दानाने. हा नकाराचाच एक लिखित आभास होय. पण ती मर्जी आकड्यात मोजली जाई आणि भेटवस्तू देऊन तो आकडा भरून काढता येई. जी नाराजी विकत घेतलेल्या भेटीने हमखास मिटते, ती नाराजी नव्हे, तो एक दर आहे. २०१५ पासून तर त्या खेळात कोणताही सहचर रक्षक, उपचारक किंवा आक्रमक यांपैकी कोणतेही कार्य करू लागला. सोय वाढली, पण ‘हे काम मला जमत नाही’ एवढे म्हणण्याचा त्या पात्राचा अधिकारही संपला. कार्याने पात्रावर पुन्हा मात केली.

या संदर्भात एका बारकाव्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘गिल्ड वॉर्स’मध्ये खेळाडू लढाईत पडला तरी सहचर लढत राहत आणि संधी मिळताच त्याला उठवत. ‘फायनल फँटसी १४’च्या २०१९ मधील रचनेत मात्र खेळाडू पडला की प्रयत्नच संपे, सारे पुन्हा आरंभापासून. सोबत उपचारक असूनही तो नायकाला उठवत नसे. पहिल्या रचनेत जग नायकावाचून क्षणभर तरी चालते, दुसऱ्या रचनेत ते नायकाबरोबर मिटते. विशेष म्हणजे, ज्या सहचरांना व्यक्तित्व आणि संवाद अधिक दिले, त्यांचेच जग नायकावर अधिक अवलंबून राहिले. ज्यांना जवळजवळ मुके ठेवले, ते प्रसंगात अधिक स्वतंत्र ठरले. पात्र म्हणून भरीव असणे आणि सोबती म्हणून स्वायत्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. कादंबरीच्या समीक्षेत आपण त्या पुष्कळदा एकच मानतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सांगता येतात.

यंत्रचालित सहचर हा अनुपस्थित माणसाचा केवळ बदली कामगार नाही. तो आला की खेळणाऱ्याची भूमिकाच बदलते. प्रयोगातील एक नट असलेला खेळाडू संहितेचा वाचक होतो. वाचकाला मिळावयाचे ते सारे त्याला मिळते : स्वतःची गती, मागे वळण्याची मुभा, पात्रांचा निकट सहवास. नटाला मिळते ते, म्हणजे दुसऱ्याच्या अनपेक्षित प्रतिसादाने स्वतः बदलण्याची शक्यता, तो गमावतो.

दुसरे असे, की सहचराचे मोल तो किती कुशल आहे यावर ठरत नाही. त्याची जागा कथेने भरली आहे की कार्याने, हे पाहावे लागते. कार्याने भरलेली जागा माणसाची उणीव लपवते. कथेने भरलेली जागा माणसाच्या गटाला जे देता येत नव्हते ते देते.

तिसरे, या दोन भूमिकांत निवड करण्याची मुभा खेळाडूकडे राहणे महत्त्वाचे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने अनुचरांची सोय सामान्य पातळीपुरती ठेवून अधिक कठीण प्रसंग माणसांच्या गटांसाठी राखले, ‘फायनल फँटसी १४’ने माणसांचा गट अधिक जलद राहील अशी व्यवस्था केली. दोन्ही ठिकाणी वाचनाचे दार उघडताना प्रयोगाचे दार बंद होऊ दिलेले नाही.

उद्याचे सहचर अटी-कृतींच्या मालिकेवर न चालता भाषेची प्रचंड प्रारूपे वापरून स्वतः वाक्ये रचू लागतील, असा विचार आज या क्षेत्रात होत आहे. ते ऐकू लागतील, उत्तरे देतील, कदाचित रुसतीलही. त्या वेळी अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न, ते माणसासारखे बोलतात का, हा नसावा. त्यांना ‘नाही’ म्हणता येते का, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर ते ‘नाही’ टिकते का, हे तपासावे लागेल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आजही वर्गाबाहेर या संहितांमध्ये रमलेले असतात. संहिता, प्रयोग, पात्र आणि कार्य या आपल्या जुन्या संज्ञा त्यांच्या हाती दिल्या, तर हे तपासण्याचे काम तेच अधिक जाणतेपणाने करू शकतील.